आमच्या गल्लीतले घोरणारे

"मंजू, खरं सांग, रात्री तुमच्या मागच्या खोलीत घोरतं कोण? नवरा की सासरे?"

आमच्या सिस्टरांना आडपडदा म्हणून नाही. सगळी नोकरी कान-नाक-घशाच्या ओपीडीत झालेली. रिटायर झाल्या तरी सांगलीतली आमची गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, आणि पोरंटोरं सिस्टरआजी. पावसाने उघडीप दिली होती, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी कपडे वाळत पडलेले. पलीकडे त्या, अलीकडे मी, आणि मंजू तिच्या मागच्या दारात बादली घेऊन.

"दोघंही नाहीत," मंजू म्हणाली. "ओम घोरतो."

"ओम?" कढीपत्ता तोडता तोडता मी थांबले. "पाच वर्षांचं पोर ते! मला वाटलं तुमच्याकडे कुणी दणकट पाहुणे उतरलेत."

"हसू नका वहिनी. खिडकी लावली तरी आवाज बाहेर जातो. सासूबाई म्हणतात, आजोबांवर गेलाय, घराण्याची खूण आहे."

जोशीकाकू मंडईतून येत होत्या. भिंतीपाशी गप्पा चालल्यात आणि आपण सरळ पुढे जायचं, हे काही त्यांच्याच्याने होत नाही. पिशवी फाटकाला अडकवून त्या थांबल्या. "अगं, घोरतोय म्हणजे गाढ झोप लागतेय पोराला. दिवसभर हुंदडतो, अंथरुणाला पाठ लागली की ढाराढूर. उगाच नजर लावू नकोस लेकराला."

"काकू, घराण्याचं म्हणाल तर थोडं खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. "जबड्याची ठेवण, टाळूची ठेवण आईबापाकडूनच येते. पण घोरणं म्हणजे गाढ झोप हे साफ चूक. घोरणं म्हणजे हवेला वाट कमी पडतेय, एवढाच त्याचा अर्थ. मंजू, रोज घोरतो की सर्दी झाली की?"

"सर्दी तर पावसाळाभर नाकातच असते. पण उन्हाळ्यातही घोरायचा. आठवड्यातून चार-पाच रात्री तरी."

"तोंड उघडं?"

"कायम."

"मान?"

"मागे टाकतो. उशीवरून खाली घसरतो आणि हनुवटी वर. मी सरळ केली की दोन मिनिटांत परत तसाच."

"घाम?"

"पंखा फुल्ल असतो तरी केस ओलेचिंब. उशीचा अभ्रा एक दिवसाआड धुवायला."

"आणि गादी?"

मंजूने बादलीतल्या चादरीकडे बघितलं. "मधे बंद झालं होतं हो," ती हळू आवाजात म्हणाली. "आता पुन्हा सुरू झालंय."

"मग लाजायचं काय त्यात? घोरणं आणि गादी ओली होणं बऱ्याचदा जोडीनेच असतात. बारीक कृमी झाले, लाड जास्त झाले, असं म्हणत लोक दहा उपाय करतात आणि पोराच्या नाकाकडे कुणी बघत नाही. शाळेतून काही निरोप?"

"बाई म्हणतात एका जागी बसत नाही, लगेच चिडतो, शेजारच्याला ढकलतो. पण सिस्टर, झोप झाली नसती तर वर्गात पेंगला असता ना?"

"इथेच सगळे फसतात. मोठ्या माणसाची झोप मोडली की ते दुसऱ्या दिवशी पेंगतं. लहान मूल पेंगत नाही, उधळतं. आई म्हणते खोडकर, बाई म्हणतात चंचल."

जोशीकाकूंना हे पटलेलं दिसलं नाही. "मोठे घोरतात ते वजनाने, दारूने. एवढ्याशा पोराला काय झालंय घोरायला?"

सिस्टरांनी सतरंजी बाजूला सारली आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. म्हणजे आता पंधरा मिनिटं कुणी घरात जायचं नाही.

"ऐका. घशात दोन बाजूंना दोन टॉन्सिल्स असतात, ते आ केल्यावर दिसतात. नाकाच्या मागे, टाळूच्या वर आणखी एक गाठ असते, ती दिसत नाही. तिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. आपल्याकडे लोक 'नाकात मास वाढलंय' म्हणतात ना, पोरांच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच असतं. साधारण दोन ते आठ या वयात या गाठी जागेच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात. घसा अजून लहान, गाठी मोठ्या. जागेपणी स्नायू घसा ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. शहाळ्याचं पाणी कागदी स्ट्रॉने जोरात ओढलं की स्ट्रॉ आतल्या आत चिकटते, तसा तो घसा चिकटतो. हवा अर्धवट जाते तेव्हा आवाज येतो. पूर्ण अडते तेव्हा आवाजच बंद. मग मेंदू पोराला ढोसतो, पोर दचकून कूस बदलतं आणि पुन्हा सुरू. सकाळी त्याला काही आठवत नसतं."

"म्हणजे आवाज बंद झाला की मी हुश्श करते, तेव्हाच..." मंजू बोलता बोलता थांबली.

"तेव्हाच बघायचं. आवाज बंद आणि पोट-छाती मात्र हलतेय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, आणि मग एकदम धाप लागल्यागत श्वास. हे दिसलं की समजायचं, नुसतं घोरणं नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मोठ्यांना तासाला पाचेक वेळा श्वास अडला तरी डॉक्टर चालवून घेतात. मुलांत तासाला एकाच्या वर गेलं की नोंद घेतात."

"पण मी काल दहा वाजता मुद्दाम बसून बघितलं. तसं काही नव्हतं."

"दहा वाजता काय दिसणार? मुलांचा श्वास जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ती झोप पहाटेकडे वाढत जाते. चार-साडेचारला उठ. पांघरूण काढ, बनियन वर कर, छाती-पोट दिसेल असा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घे. आवाज येऊ दे. डॉक्टरांना सांगत बसण्यापेक्षा ते दाखव."

जोशीकाकू कोथिंबिरीची जुडी सारखी करत म्हणाल्या, "म्हणजे आता घोरणारं प्रत्येक पोर आजारी! आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं."

"होतं की. विल्यम ऑस्लर म्हणून मोठे डॉक्टर होऊन गेले. त्यांच्या १८९२ च्या पुस्तकात मोठ्या टॉन्सिल्सच्या मुलांचं वर्णन आहे. झोपेत घुरघुरणारा श्वास, मधेच तो थांबणं, दिवसा मठ्ठ दिसणारं तोंड, सगळं. नंतर जग ते विसरलं. १९७६ साली अमेरिकेत गिलेमिनो नावाच्या डॉक्टरांनी अशा ८ मुलांची हकिगत छापली, तेव्हा पुन्हा लक्ष गेलं. आणि काकू, प्रत्येक पोर आजारी असं मी म्हणतच नाही. दहा पोरांत एखादं नेहमी घोरतं. त्यातलीही बरीच नुसती घोरतात. श्वास अडणारी शंभरात एक ते पाच. प्रश्न असा की आपलं कोणतं, आणि आज जे आहे ते पुढे काय वळण घेणार. आपल्या गल्लीतच बघा ना, सगळे नमुने आहेत."

आता गप्पांना खरा रंग आला. दुसऱ्यांच्या घरातलं निघालं की आम्हा तिघींचे कान टवकारतात, खोटं कशाला बोलू.

"पहिली तुमची चिंगी," सिस्टर म्हणाल्या.

"आमची चिंगी?" जोशीकाकू ताठ झाल्या. "आमची चिंगी कधी घोरली?"

"काकू, आपला तो बाब्या! पाच वर्षांची होती, तेव्हा तुमच्याच सूनबाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. बारीक अंगाची, टॉन्सिल्स मध्यम, घोरायची पण श्वास अडत नव्हता, वाढ नीट, अभ्यास नीट. डॉक्टर म्हणाले, थांबू, दर काही महिन्यांनी बघू. आता आठवी-नववीत असेल ना? घोरते?"

"छे. मांजराच्या पावलाचाही आवाज नाही तिच्या खोलीत."

"हेच सांगतेय. गाठी पुढे आपोआप बारीक होत जातात, अ‍ॅडेनॉइड तर वयात येईपर्यंत बऱ्याच जणांचं जवळजवळ विरून जातं. घसाही वाढतो. चिंगीचं तसं झालं."

"मग झालं तर!" काकू मंजूकडे वळल्या. "ऐकलंस? आपोआप जातं. उगाच पोराच्या घशाला सुऱ्या लावू नका."

"काकू, चिंगीचं गेलं म्हणून ओमचं जाईल असं कोण म्हणालं?" सिस्टरांचा आवाज चढला. "२०१३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला. ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं, सगळ्यांना झोपेची टेस्ट करून स्लीप अ‍ॅप्निया असल्याची खात्री केलेली. निम्म्यांचे टॉन्सिल्स-अ‍ॅडेनॉइड लगेच काढले, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी पुन्हा टेस्ट. ऑपरेशनवाल्यांत शंभरातल्या ७९ जणांची टेस्ट नॉर्मल आली. आणि थांबवलेल्यांत?"

"दहा-पंधरा?" मी अंदाज केला.

"४६. जवळजवळ निम्मी पोरं ऑपरेशनशिवाय टेस्टमध्ये पास. जोशीकाकू, हे तुमच्या बाजूचं. आता मंजूच्या बाजूचं ऐका. फार गंभीर मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. थांबलेल्यांत सुटली ती जास्त करून सौम्य त्रासाची आणि कमरेचा घेर बेताचा असलेली. आणि टेस्ट सुधारली म्हणून त्रास गेला असंही नाही; घोरणं, अस्वस्थ झोप, दिवसाची कुरकुर ही लक्षणं त्यामानाने फार थोड्यांची गेली. ऑपरेशनवाल्या मुलांची वागणूक, झोप, घरातलं स्वास्थ्य हे आईबापांच्या नजरेत जास्त सुधारलं. लक्ष लागण्याच्या परीक्षेत मात्र दोन्हीकडे मोठा फरक नव्हता. तेव्हा ऑपरेशन केलं की पोरगा पहिला नंबर आणेल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका."

"थांबायचं तर किती थांबायचं?" मंजूचा प्रश्न रास्त होता.

"थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, वजन-उंची बघायची, व्हिडिओ घ्यायचा. आपल्याकडे थांबतात म्हणजे फाइल कपाटावर टाकतात. मग पोर सातवीत गेल्यावर आठवण होते, तोवर तोंड उघडं ठेवून ठेवून चेहरा लांबट झालेला, टाळू अरुंद, दात वेडेवाकडे. मग दातांच्या डॉक्टरांकडे तारा बसवायच्या."

मी मधेच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानवाल्यांचा विषय काढला. त्यांच्या सोहमचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेव्हा जोशीकाकूंनीच सांगितलं होतं की पोराची प्रतिकारशक्ती गेली आता.

"आणि आता बघा त्याच्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "सहा वर्षांचा असताना काड्यापेटीतली काडी होता. खायचं तर दोन घास खाल्ले की धाप. रात्रभर श्वासासाठी झटायचं, त्यात खाल्लेलं जायचं. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत सुटतं, ती झोपच मिळत नव्हती. ऑपरेशननंतर वजन भरलं, उंची वाढली, गादी ओली व्हायची बंद झाली. प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर अशा पेशींच्या गाठी शरीरात आणखी पुष्कळ आहेत, काम अडत नाही. तरीपण शरीराचा भाग आहे तो, कारण असल्याशिवाय काढू नये, हेही खरं."

"मला त्या ऑपरेशनचीच भीती वाटते," मंजू म्हणाली. "सोहमची आई सांगत होती, घशात पू झाला होता म्हणे."

"पू कसला! जखमेवर पांढरी खपली धरते, सगळ्यांना धरते. टॉर्च मारून बघितलं की आया घाबरतात. तोंडाला वासही येतो. आठ-दहा दिवस घसा दुखतो, कानात कळ येते, पोर पाणी प्यायला नको म्हणतं. तेव्हाच प्यायला लावायचं. आइस्क्रीम, थंड दूध, मऊ भात. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली सुटते, तेव्हा कधी कधी रक्त येतं. ताजं लाल रक्त दिसलं की घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. आणि तीन वर्षांच्या आतलं पोर असेल किंवा त्रास जास्त असेल तर पहिली रात्र दवाखान्यात, मॉनिटर लावून. 'संध्याकाळी घरी सोडा' असा हट्ट धरायचा नाही."

जोशीकाकू आता फाटकाच्या आत आल्या होत्या. पिशवीतल्या मेथीला ऊन लागत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "बरं, पाटलांच्या पिंट्याचं काय? त्याचंही ऑपरेशन झालं होतं लहानपणी. मग आता दहावीत परत कसा घोरतो? रात्री रस्त्यावर ऐकू येतं. क्लासमध्ये पेंगतो म्हणून सरांनी घरी फोन केला."

"हा तिसरा नमुना, आणि लोक याच्याकडेच बघत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "लहानपणी गाठींमुळे घोरायचा. गाठी काढल्या, आवाज बंद झाला, सगळे खूश. पुढे लॉकडाउन, मोबाइल, वडापाव, रात्री एकपर्यंत जागरण. वजन वाढलं. मानेभोवती, जिभेच्या मुळाशी चरबी चढली. वयात येताना मुलांचा घसाही बदलतो. आता वाट अडतेय ती गाठींनी नाही, वजनाने. म्हणजे हा आजार जुना परत आलेला नाही, नव्या कारणाने नवा आलाय."

"असंही होतं?"

"पेनसिल्व्हेनियात लहान मुलांची झोपेची टेस्ट केली आणि सुमारे आठ वर्षांनी, ती वयात आल्यावर, पुन्हा केली. लहानपणी ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया होता त्यातल्या बहुतेकांचा गेला होता. आणि मोठेपणी ज्यांच्यात तो सापडला त्यातले बरेच नव्यानेच सामील झालेले. जास्त करून मुलगे, आणि वजनदार. तेव्हा लहानपणी घोरला म्हणजे जन्मभर घोरणार असंही नाही, आणि ऑपरेशन झालं म्हणजे जन्मभराची सुटका असंही नाही. पिंट्याच्या आईला मी सांगून थकले. ती म्हणते, गाठी काढल्यात ना, मग आता काय? तिला दुसऱ्यांदा टॉन्सिल्स काढायचे होते!"

आम्ही हसलो, पण मंजू हसली नाही. "मग त्याला उपाय?"

"आधी टेस्ट. रात्रभर झोपवून, अंगाला तारा लावून नोंद घेतात. मग वजन उतरवणं, आणि ते उतरेपर्यंत हवेचा दाब देणारं मास्कचं मशीन लावायला सांगितलं तर लावणं. पिंट्याचा बाप म्हणतो, तरुण पोराने मास्क लावून झोपायचं? लोक काय म्हणतील? म्हटलं, लोक आत्ताच रस्त्यावरून ऐकतायत, ते काय म्हणतात ते बघा आधी."

मला राहवलं नाही. "सिस्टर, ऑपरेशन झाल्यावरही लठ्ठ पोरांत फरक कमी पडतो का?"

"पडतो. त्याच अमेरिकन अभ्यासात वजनदार मुलांची टेस्ट कमी प्रमाणात नॉर्मल झाली. म्हणून ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांनी परत दाखवायचं असतं. घोरणं चालूच असेल, वजन जास्त असेल, आधीची टेस्ट फार वाईट असेल, दमा असेल, तर पुन्हा झोपेची टेस्ट. आणि सोहमसारखं पोर भरू लागलं की आजी खूश होऊन तूप वाढवते. त्याला सहा महिने ठीक आहे, पण जे आधीच गोल आहे त्याला ऑपरेशननंतर आणखी गोल करायचं नाही."

"म्हणजे थांबलं तर चूक, कापलं तर चूक," जोशीकाकू वैतागल्या.

"काकू, चूक म्हणजे एकदा बघून कायमचं ठरवून टाकणं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांच्या आयांना वर्षानुवर्षं विचारत गेले. घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, श्वास थांबतो का? सहा महिन्यांच्या बाळापासून जवळजवळ सहा वर्षांपर्यंत, ११ हजारांवर मुलं. कुणाचा त्रास सहा महिन्यांचं असतानाच सगळ्यात जास्त आणि मग ओसरला, कुणाचा दीड वर्षाला, कुणाचा अडीच वर्षाला शिखरावर आणि पुढेही चालू, कुणाचा उशिरा सुरू. आणि गंमत ऐका, ज्यांचा तान्हेपणीच होऊन गेला त्यांच्यातही सातव्या वर्षी हट्टीपणा, चंचलपणा, मित्रांशी न जमणं हे न घोरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. सगळ्यात जास्त दिसलं ते सतत त्रास असलेल्यांत. म्हणून बाळ लहान आहे, पुढे जाईल, असं म्हणून गप्प बसायचं नाही. विचारायचं तरी."

"शाळेतले मार्क?" मंजूने हळूच विचारलं. शेवटी आईच ती.

"१९९८ चा एक अभ्यास आहे. पहिलीतली, वर्गात अगदी तळाला असलेली २९७ मुलं तपासली, त्यातल्या ५४ जणांचा झोपेत श्वास बिघडलेला निघाला. २४ जणांच्या आईबापांनी ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या वर्षी त्या २४ जणांचे मार्क वाढले, न केलेल्यांचे तितके नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावरून मार्कांची हमी देता येत नाही. पण 'ढ' म्हणून हाकलण्याआधी पोराला रात्री झोप मिळते का हे बघावं, एवढं तरी त्यातून घ्या."

मंजूने कपाळावरचा घाम पुसला. "आमच्याकडे मागच्या महिन्यापासून एक सिरप चालू आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलं होतं. संपलं की हे मेडिकलमधून नवीन बाटली आणतात. रात्री दिलं की सर्दी बरी असते."

"नाव?"

"माँटेलुकास्ट, आणि पुढे काहीतरी सेट्रिझिन."

"आधी बंद कर," सिस्टर एकदम कडक झाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची बाटली आणू नकोस. त्या औषधाने काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्नं, वागण्यात फरक दिसतो, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. गरज असेल तिथे डॉक्टर देतातच, पण आपल्या मनाने महिनोन्‌महिने नाही. त्यात तुझा ओम आधीच चिडका झालाय म्हणतेस."

"मग काहीच नाही का घरगुती?"

"आहे ना. माझी भाची मेलबर्नला असते, तिच्या पोराला डॉक्टरांनी पहिले सहा आठवडे नुसता मिठाच्या पाण्याचा नाकातला फवारा दिला. तिकडे ३ ते १२ वर्षांच्या २७६ मुलांवर तपासून बघितलं; निम्म्यांना स्टेरॉइडचा फवारा, निम्म्यांना मिठाच्या पाण्याचा. २०२३ मध्ये निकाल आला. स्टेरॉइडवाल्यांत ४४ टक्क्यांचा त्रास गेला, मिठाच्या पाण्याने ४१ टक्क्यांचा. जवळजवळ सारखंच. पण तो मेडिकलमधला निर्जंतुक फवारा हं, काकू. वाटीत मीठ-पाणी कालवून पोराच्या नाकात ओतायचं नाही."

जोशीकाकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांच्या डोक्यात वाटीच आली होती.

"आणि तुमच्या खोलीतली ती मच्छरांची कॉइल बंद," सिस्टर पुढे म्हणाल्या. "मच्छरदाणी लावा. धूप, उदबत्ती, सासऱ्यांची विडी, सगळं पोराच्या खोलीबाहेर. धुराने नाक सुजतं आणि सुजलेलं नाक घोरतं."

"विडीचं तुम्हीच सांगा त्यांना," मंजू म्हणाली. "माझं ऐकायचे नाहीत."

"सांगते की. मला कुणाची भीती? रात्री त्यांच्या दारात उभी राहून सांगते."

तेवढ्यात ओम शाळेतून आला. दप्तर पायरीवर टाकून तो चिखलातून धावतच सुटला. सिस्टरांनी त्याला हाक मारली, भिंतीजवळ उभं केलं आणि आ करायला लावलं. उन्हात मलाही दिसलं. पडजिभेच्या दोन्ही बाजूंनी दोन मोठे गुलाबी टॉन्सिल्स, मधे हवेला जायला बोटभरच वाट. मग त्यांनी त्याला तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायला सांगितलं. पोराने गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि चार-पाच सेकंदांत फस्सकन तोंड उघडून हसत पळून गेला.

"टॉन्सिल्स केवढे आहेत त्यावरून श्वास किती अडतो ते नक्की सांगता येत नाही," सिस्टर मंजूला म्हणाल्या. "मोठे असूनही निवांत झोपणारी पोरं असतात. पण नाक बंद, गादी ओली, मान मागे आणि हे टॉन्सिल्स, एवढं जमल्यावर मी थांबा म्हणणार नाही. आधी पहाटेचा व्हिडिओ, मग मुलांचे डॉक्टर, मग कान-नाक-घशाचे. ते सांगतील एक्स-रे, दुर्बीण की झोपेची टेस्ट. त्यांनी थांबा म्हटलं तर पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख लिहून घे. ऑपरेशन म्हटलं तर घाबरू नकोस. दोन्ही वेळा पुन्हा दाखवायला मात्र जायचंच."

"आणि पिंट्या?" मी विचारलं.

"पिंट्याच्या आईला तुम्ही सांगा वहिनी. माझं ऐकून ती कंटाळलीय. तुमचं ऐकेल."

सांगते म्हटलं. गल्लीतल्या चार पोरांवरून मला जे उमजलं ते इथे लिहून ठेवते, कारण प्रत्येक कंपाउंडपलीकडे सिस्टर नसतात. मुलांचं घोरणं वयाबरोबर बदलतं. कुणाचं आपोआप जातं, कुणाचं ऑपरेशनने जातं, कुणाचं राहतं, आणि कुणाचं गेलेलं वजनाबरोबर पंधराव्या-सोळाव्या वर्षी नव्याने येतं. तेव्हा आजचं उत्तर उद्याला चालेलच असं धरू नका. तुमचं पोर आठवड्यातून तीन रात्रींपेक्षा जास्त घोरत असेल, तर एकदा पहाटे उठून त्याची छाती बघा, व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल तर घोरण्याची वाटही बघू नका, डॉक्टरांना आपणहून विचारा. डाउन सिंड्रोमच्या मुलांना चार वर्षांची होण्याआधी झोपेची टेस्ट करून घ्यायला सांगतात, घोरत नसली तरीही. आणि शेजारच्या घरातून लहान मुलाच्या घोरण्याचा आवाज येत असेल, तर भिंतीवरून विचारायला लाजू नका.